डॉज डब्ल्यूसी-51 घेऊ की एम-37?

ओहायोतला माझा मावसभाऊ अमेरिकी लष्कराचा जुना पाऊणटनी (पाऊण टन माल वाहणारा) डॉज ट्रक घ्यायला निघालाय. दुसऱ्या महायुद्धातला डब्ल्यूसी-51 की 1951 पासून आलेला एम-37, इथे त्याचं घोडं अडलंय.

इंजिनावरून निवड करू नकोस म्हटलं. दोन्हीकडे 230 घनइंचाचं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन, दोन्ही तहानलेली. गिअर मात्र वेगळे. डब्ल्यूसीत सिंक्रोमेश (गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय) नाही, प्रत्येक वेळी डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा. एम-37 मध्ये तो त्रास कमी, वर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) चढासाठी लो रेंज, म्हणजे कमी वेग पण जास्त जोर देणारा गिअरही आहे. वायरिंग डब्ल्यूसीची सोपी, 6 व्होल्टची. एम-37 ची 24 व्होल्टची आणि पाण्यापासून जपलेली, पण एखादा भाग गेला की शोधाशोध.

खरी गोम चाकांत आहे. टायर दोघांचे 9.00-16. डब्ल्यूसीची रिम दोन अर्ध्या भागांची, नटबोल्टने जोडलेली. आतली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही, नाहीतर रिम उडून अंगावर येते. एम-37 ला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी असते. ती जिथे बसते त्या खाचेतला गंज खरवडून बघ. ताज्या रंगाखाली पापुद्रे निघाले तर ती रिम भंगारात. रिंग निसटून उडू शकते, म्हणून हवा भरायची तीही लोखंडी पिंजऱ्यात. हातोडीने रिंग ठोकणाऱ्या मेकॅनिककडे मी तर फिरकणारही नाही.

युद्धकाळातल्या गाड्यांच्या मेळाव्यात मिरवायचं असेल तर डब्ल्यूसी, खिसा सैल ठेवून. रविवारी जंगलातून लाकडं आणायची असतील तर एम-37.