24 हजारांचा सोलर, 50 हजारांचा खर्च

आमच्या न्हाणीघरात आजीच्या वेळचा तांब्याचा बंब होता. आई पहाटे पाचला उठून तो पेटवायची. 2024 च्या डिसेंबरात थंडी वाढली, तसा धुरानं तिचा खोकलाही वाढला, आणि बाबांनी ठरवलं की आता सोलर हीटर घ्यायचा. बेळगावात जाऊन दोन-चार दुकानांत भाव विचारायचा बेत होता. त्याआधीच एक माणूस दारात आला. असे विक्रेते उचगाव, तुरमुरी, बेक्किनकेरे या भागात अजूनही फिरतात असं ऐकतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माणूस सीमेपलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा, बोलायला गोड. "मावशी, या वयात धुरात बसायचं काय कारण? आपलीच माणसं आहोत की," म्हणत तो थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. मी त्या दिवशी कामावर होतो. बाबांना कन्नड वाचता येत नाही. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल आलं तरी ते शेजारच्या मुलीकडून वाचून घेतात. अशा माणसाला आपल्या भाषेत कुणी नीट समजावून सांगितलं, की अर्धा विश्वास तिथंच बसतो.

त्याचं पहिलं बोलणं खोटं नव्हतं. गीझर घेतला तर 2 किलोवॅटचा, रोज तासभर चालला तर महिन्याला 60 युनिट जातील, आणि गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, 200 युनिटांच्या वर गेलात तर अख्खं बिल भरावं लागेल, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. त्यापुढचं मात्र खोटं. 200 लिटरचा सोलर 24 हजारांना, त्यातले 12 हजार सरकार खात्यात परत देणार, असं सांगून त्यानं मोबाईलवर पंतप्रधान सूर्यघर योजनेचं चित्र दाखवलं. आधार, लाईट बिल आणि पासबुकाचे फोटो काढले आणि 10 हजार ॲडव्हान्स फोन पेवर घेतला.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. सबसिडी 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्त असेल तर 78 हजार. त्यासाठी अर्ज सरकारी पोर्टलवर करायचा असतो, मीटर हेस्कॉम बसवते आणि पैसे थेट खात्यात येतात. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यात एक रुपयाही नाही. पाण्याच्या सोलरवर केंद्राची जी सबसिडी होती, ती 2014 मध्येच बंद झाली. हे मला पैसे गेल्यावर कळलं. दारात आलेला कुणी पाण्याच्या सोलरला सूर्यघरची सबसिडी सांगत असेल, तर पुढचं ऐकूच नका.

आठवड्यानं टेम्पो आला. टाकी आणि नळ्या स्लॅबवर चढल्या, जुनी पाईप कापली, आणि मग एकेक आकडा निघायला लागला. स्टँडचे 3,800. गरम पाण्याच्या पाईपचे 6,200. फिटिंगचे 3,000. पावसाळ्यासाठी आत विजेची कॉईल हवी, तिचे 2,500. (जून ते सप्टेंबर ढग हलत नाहीत, हे दारात बोलताना त्याला आठवलं नव्हतं.) संध्याकाळी म्हणाला, तुमची थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा खाली आहे, ती वर घेतल्याशिवाय पाणी चढणार नाही, दुसरं स्टँड 4,500. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. साध्या सोलरला पाणी उंचावरूनच यावं लागतं. पण आमची टाकी पहिल्या दिवशीही तिथंच होती आणि तो स्लॅबवर जाऊन ती बघून आला होता. आता न्हाणीत नळाला पाणी नाही आणि सामान अर्धवट पडलेलं. बाबा नाही कसं म्हणणार?

बेरीज झाली 44 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 7,920 लावले. तेव्हा सोलर वॉटर हीटरवर 12 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे. शिवाय तो कागद म्हणजे साधं एस्टिमेट होतं, त्यावर जीएसटी नंबरच नव्हता. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. कर्नाटकातल्या दुकानाचा 29 नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्याचा 27 नं. नंबर नसेल तर त्याला तुमच्याकडून जीएसटी घ्यायचा अधिकारच नाही.

बंब त्यानं "एक्स्चेंजमध्ये" 1,500 ला नेला. नऊ किलोच्या आसपास तांबं होतं. नंतर बेळगावात भंगारवाल्याला विचारलं तर किलोला सहाशेच्या वर भाव सांगितला. आई त्या दिवशी काही बोलली नाही. बंब टेम्पोत चढवताना ती घरात निघून गेली.

एवढं करून, बंबाचे 1,500 वजा जाऊन, 50,420 रुपये गेले. पाणी तरी भरपूर मिळावं, तर तिसऱ्या माणसाच्या आंघोळीला ते कोमट. "20 नळ्या म्हणजे 200 लिटर" हे त्याचं वाक्य, आणि नळ्या मोजल्या तर 20 च भरल्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात काम करणारा माझा मित्र टेप घेऊन वर चढला. 100 लिटरला 10 नळ्या हा हिशेब 58 मिलिमीटर जाडीच्या आणि 1800 मिलिमीटर लांबीच्या नळीचा असतो. आमच्या 47 च्या आणि 1500 लांबीच्या निघाल्या, म्हणजे ऊन पकडायला जागा दोन-तृतीयांशच. टाकीला लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवून विक्रेत्यानं "बघा, 304 स्टील" म्हटलं होतं. मित्र म्हणाला, स्वस्तातल्या 202 लाही चुंबक चिकटत नाही. आतल्या टाकीचा ग्रेड, पफची (टाकीभोवती उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमची) जाडी, नळीची जाडी आणि लांबी, स्टँड, पाईप, फिटिंग, कर हे सगळं एका कागदावर सहीनिशी मिळाल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. आणि थंड पाण्याची टाकी किती उंच लागेल, ते त्याच कागदावर लिहून घ्या.

मी विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सगळं मिळालं म्हणून तुमच्या बाबांची सही आहे. तक्रार करायची तर कोल्हापूरला करा." सही कसली? बसवताना "हेस्कॉमचा फॉर्म" म्हणून बाबांकडून घेतलेला कन्नड कागद त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला. शेजारच्या मुलीनं वाचून दाखवला: माल सुस्थितीत मिळाला, किंमत मान्य, काही तक्रार नाही. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांना पैशापेक्षा ती सही जास्त लागली.

कोल्हापूरचं बोलणंही खोटंच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता सीमेपलीकडचा असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या हेल्पलाईनवर बोललो, तिथं मराठीतही बोलता येतं. मग वकिलाच्या सल्ल्यानं रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. फोन पेची नोंद, एस्टिमेट आणि टेप लावलेल्या नळ्यांचे फोटो सोबत जोडले.

नोटीस पोचल्यावर त्यानं करापोटी घेतलेले 7,920 परत पाठवले आणि फोन बंद केला. नळ्यांची आणि सबसिडीची तक्रार बेळगावच्या आयोगात दाखल केली आहे. बंबाबद्दल विचारलं होतं, तो कधीच वितळला म्हणाला.