रिपोर्टवर ‘स्टेज १’ आहे, पण कॅन्सर परत येण्याचं काय?

थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर ‘पॅपिलरी (या कॅन्सरचा एक प्रकार), टी२ एन१बी एम०, स्टेज १’ असं वाचलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. स्टेज खोटी नसते, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. स्टेज ठरवणारी टीएनएम पद्धत (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका गाठी, एम म्हणजे दूरवरचा प्रसार) जिवाला धोका किती, हे सांगते. २०१८ पासूनच्या आठव्या आवृत्तीत या कॅन्सरच्या ५५ वर्षांखालच्या प्रत्येकाची स्टेज १, दूरवर पसरला असेल तर २. म्हणजे मुलांना स्टेज ३ मिळूच शकत नाही. या आजारात मुलं सहसा दगावत नाहीत, पण मानेच्या लसिका गाठींत तो परत येऊ शकतो, कधी कधी वीस-तीस वर्षांनीही.

ऑपरेशननंतर किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस द्यायचा का, हे ठरवायला अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचे २०१५ चे धोक्याचे गट जास्त कामाचे. ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच बनवलेले आहेत. आजार ग्रंथीपुरता किंवा मानेच्या मधल्या मोजक्या लसिका गाठींत सूक्ष्म स्वरूपात असेल तर कमी धोका. मधल्या बऱ्याच किंवा बाजूच्या थोड्या गाठींत असेल तर मध्यम. बाजूच्या पुष्कळ गाठींत असेल किंवा आजूबाजूच्या भागात घुसला असेल तर जास्त. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) गोळ्यांनी किती दाबायचं तेही यावरूनच ठरतं: कमी धोक्यात ०.५ ते १, मध्यममध्ये ०.१ ते ०.५, जास्तमध्ये ०.१ च्या खाली. वरची मुलगी यात किमान मध्यम गटात जाते, कारण एन१बी म्हणजे बाजूच्या गाठींत आजार. एक मेख मात्र आहे. ‘एनएक्स’, म्हणजे गाठी तपासल्याच नाहीत, असं असलं तरी मूल कमी धोक्याच्या गटात बसतं. म्हणून किती गाठी काढल्या आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह निघाल्या, हे सर्जनला विचाराच.

पुढच्या वर्षांसाठी माझा कौल उपचारांना मिळालेल्या प्रतिसादाला. आयोडीननंतर थायरॉक्सिनच्या (थायरॉइड हार्मोनच्या) गोळ्या चालू असताना रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) ०.२ च्या खाली आणि सोनोग्राफी स्वच्छ, तर प्रतिसाद उत्तम. सुरुवातीला जास्त वाटलेला धोका मग बराच खाली येतो. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर हे आकडे लावू नयेत, कारण उरलेली ग्रंथीही थायरोग्लोब्युलिन बनवतेच. रक्तात त्याविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र आणि दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. फुप्फुसात पसरलेल्या मुलांमध्ये आयोडीननंतर हा आकडा काही वर्षं हळूहळू उतरत राहतो. तो उतरत असताना दुसऱ्या डोसची घाई नको.

राहिली कॅन्सरच्या गाठीची जीन टेस्ट. आरईटी किंवा एनटीआरके फ्यूजन (हे जीन दुसऱ्या जीनला जोडले जाणं) असलेल्या मुलांमध्ये आजार लसिका गाठींत आणि फुप्फुसात जास्त पसरलेला दिसतो. बीआरएफ या जीनमधल्या बदलाचा अर्थ मात्र मोठ्यांसारखा सरळ लावता येत नाही. आयोडीन लागू पडत नसेल किंवा ऑपरेशन शक्य नसेल तर टेस्ट कराच, कारण या फ्यूजनवर लॅरोट्रेक्टिनिब, सेल्परकॅटिनिबसारखी औषधं आहेत. कमी धोका आणि उत्तम प्रतिसाद असेल तर केवळ हौसेखातर करू नका. पण घरात डायसर१ या जीनमधल्या आनुवंशिक दोषाचा इतिहास असेल तर जेनेटिक कौन्सेलरला भेटा. तिथे प्रश्न भावंडांचाही असतो.