पाच लाल दिवे आणि २,१४,६५० रुपये

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची ४६ बंगल्यांची कॉलनी. दिवाळीनंतर लागोपाठ तीन बंद घरांचे कडी-कोयंडे उचकटले गेले. लोक घाबरले की पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पंधरा दिवसांत कॅमेरेवाला दारात हजर. तो किती गोड बोलला ते राहू दे, आधी रकमा घ्या. घरटी ४,५०० प्रमाणे २,०७,००० जमले. त्यातले ६० टक्के, म्हणजे १,२४,२०० आगाऊ दिले. 'काम झाल्यावर' ३५ टक्के, म्हणजे ७२,४५०. वर देखभालीचे म्हणून १८,००० घेतले, तेही गणपतीच्या वर्गणीतले उरलेले. एकूण गेले २,१४,६५०. शेवटचे ५ टक्के अडकवून ठेवले होते, ते १०,३५० तेवढे हातात राहिले.

आम्ही अडाणी नव्हतो, हे इथंच लिहून ठेवतो. तीन कोटेशनं मागवली होती. याचं सर्वांत स्वस्त नव्हतं, मधलं होतं. कॉलनीत दोन निवृत्त इंजिनिअर आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले आहेत. तरी फसलो.

फसलो ते एका संध्याकाळी, कपाटातल्या छोट्या स्क्रीनसमोर. पडद्यावर १६ चौकोन. अकरांत रस्ता, फाटक, मारुतीचा पार दिसत होता. पाच काळे. "साहेब, ते रात्रीत येतील, सेटिंग चालू हाय. मी हाय न्हवं!" बाहेर आलो तर पाच कॅमेऱ्यांवर बारीक लाल दिवा लुकलुकत होता. बाकीचे अकरा गप्प. कुणीतरी विचारलंही, हेच का लुकलुकतात? तर म्हणे नवीन मॉडेल आहे, चालू असल्याचं दाखवतं. पाच काळे चौकोन, पाच लुकलुकते डबे. चौथीतल्या पोरानं जोड्या लावल्या असत्या. आम्ही ७२,४५० चा चेक लिहिला.

खरा कॅमेरा सहसा असा लुकलुकत नाही. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, ते जवळून मंद लालसर आणि स्थिर दिसतात. लुकलुकतो तो बहुतेक वेळा नकली डबा. नंतर शिडी लावून एक उघडला, तर आत दोन पेन्सिल सेल आणि एक एलईडी. केबल घुमटात शिरलेली दिसत होती, आत ती कशालाच जोडलेली नव्हती. म्हणून पैसे देताना पडद्यासमोर बसा, एका माणसाला प्रत्येक कॅमेऱ्याखाली उभा करा, हात हलवायला लावा. हे रात्री करा, दिवसा नको.

रात्रीच का, तर केबल. आम्हाला तांब्याची थ्री प्लस वन केबल (तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची) सांगितली होती. घातली ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. ब्लेडनं तार खरवडली की कळतं. वरचा तांबूस थर निघून आत पांढरट धातू दिसतो. अशा तारेचा रोध जास्त असतो. सप्लायपासून निघालेले १२ व्होल्ट शंभर-सव्वाशे मीटरवर पोचेपर्यंत घसरतात. दिवसा कॅमेरा कसाबसा चालतो, अंधार पडून इन्फ्रारेड लागला की तो जास्त करंट ओढतो आणि चित्र जातं. म्हणजे चोर यायच्या वेळेलाच आंधळा. आमचे शेवटच्या गल्लीतले दोन असेच होते.

आता रेकॉर्डिंग साठवायची डिस्क. कोटेशनवर '४ टीबी, ३० दिवस रेकॉर्डिंग'. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसनं (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. १६ कॅमेऱ्यांचे झाले ३४५ जीबी. ४ टीबी साडेअकरा दिवसांत भरते. म्हणजे ३० दिवसांचं वचन कागदावरच खोटं होतं आणि ते तपासायला साधा गुणाकार पुरला असता. त्यात बसवली होती १ टीबी, जुनी वापरलेली. चालणाऱ्या अकरा कॅमेऱ्यांना ती चार दिवस पुरायची. फेब्रुवारीत एक कुटुंब देवदर्शनाला गेलं, सहाव्या दिवशी परतलं, घर फोडलेलं. साडेतीन तोळे गेले. पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं होतं. जे शिल्लक होतं त्यातलं घड्याळ दोन तास चाळीस मिनिटं मागे. उरलेल्या फुटेजमध्ये एक दुचाकी दिसते, पण कॅमेरा १८ फुटांवर आणि लेन्स ३.६ एमएम, म्हणजे रुंद दृश्याची, त्यामुळे हेल्मेटचा माथा दिसतो, नंबर नाही. नंबरप्लेटसाठी फाटकाशी वेगळा, लांब लेन्सचा कॅमेरा खालच्या उंचीवर लागतो. एवढं तरी विचारून घ्या.

आणि बिल! जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. आमच्या बिलावर १४ होते. कुणी मोजले नाहीत. त्या क्रमांकावर कराचे ३१,५७६ रुपये घेतले. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

मग ठाण्यात गेलो. पहिला दिवस: "अहो काका, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जावा." बनावट डब्याला कॅमेरा म्हणून विकणं दिवाणी कसं, यावर उत्तर नाही. दुसरा दिवस: तुमची सोसायटी रजिस्टर आहे का? ४६ जणांपैकी फिर्यादी कोण? तिसरा दिवस: त्याचं दुकान मिरजेला, तिकडं जावा. चौथ्या वेळी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. घरफोडीच्या तपासाला आलेले हवालदार मात्र आमच्याकडंच फुटेजबरोबर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मागत होते. कायदा त्यांना पाठ आहे, सोयीचा तेवढा.

गैरसोयीचा तुम्ही पाठ करा. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र. हद्द दुसरी असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी अर्ज, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी. पोस्टाची पावती जपा. ग्राहक आयोगात नोंदणी नसलेला गटही तक्रार करू शकतो, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. हेल्पलाइन १९१५. उतरवलेले डबे, केबलचा तुकडा, चेकचे नंबर, सगळं फोटो काढून ठेवा. दुरुस्तीला दुसरा माणूस बोलावण्याआधी.

आमच्या नंबरांवरून केलेला फोन तो उचलत नाही. परवा एकानं भाच्याच्या मोबाईलवरून लावला. पहिल्या रिंगला उचलला. "बोला साहेब! किती बंगले हायत कॉलनीत?"