दुधाविना पाहुणचार आणि प्रवास: घरी काय करावं, डब्यात काय न्यावं

दूध, दही, तूप सोडायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न डोकं खातो: दुधाऐवजी काय? मग माणूस दुकानातून बदामाच्या दुधाचा खोका आणतो, चहात ओततो आणि पहिल्याच घोटाला हिरमुसतो. माझं म्हणणं असं की प्रश्न थोडा फिरवून विचारावा. हे कोणाबरोबर प्यायचं आहे आणि कुठे? रविवारी जेवायला आलेल्या आत्या-काकांपुढे ठेवायचं पेय वेगळं आणि स्वारगेटहून सुटलेल्या एसटीत दुपारभर टिकायला हवं ते वेगळं.

कौल आधीच देऊन टाकते. घरच्या पंगतीला शेंगदाणा आणि नारळ, प्रवासाला कोकम आणि कैरी, चहाला सोया, नाहीतर सरळ कोरा चहा. बदामाच्या दुधाचा खोका या यादीत कुठेच नाही. ते महाग, प्रथिनांच्या बाबतीत अगदीच पातळ, आणि आपल्या एकाही पदार्थाशी त्याचं जमत नाही.

ताकाच्या जागी

पुण्यात दुधापेक्षा ताकाची उणीव जास्त भासते. मसालेभात झाला की मठ्ठा हवा, खिचडीबरोबर कढी हवी, उन्हातून आलेल्याच्या हातात ताकाचा पेला हवा. म्हणून निवड इथूनच सुरू करावी. पर्याय तीन: शेंगदाण्याचं दही, सोयाचं दही, आणि ताकाचा हट्ट सोडून सोलकढी.

शेंगदाण्याचं दही मला सगळ्यांत जवळचं वाटतं. एक वाटी कच्चे दाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी तळहातांत चोळले की सालं सुटतात, ती पाण्यावर तरंगली की काढून टाकायची. मग दाणे पाच-सात मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे कच्चट वास जातो. तीन वाट्या पाणी घालत अगदी गंधासारखं वाटायचं, सुती फडक्यातून पिळायचं आणि ते दूध ढवळत ढवळत एक उकळी येईपर्यंत तापवायचं. बोट बुडवल्यावर सोसेल इतकं कोमट झालं की विरजण. पहिल्या खेपेला घरात विरजण नसतं, तेव्हा आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ त्यात बुडवून ठेवतात. देठांवरच्या जिवाणूंनी ते लागतं. हे पहिलं दही थोडं उग्र असतं, ते खायला न घेता त्यातला चमचाभर पुढच्या दुधाला लावावा. दुसऱ्या खेपेपासून चव गोडसर-आंबट आणि स्वच्छ येते. उन्हाळ्यात सहा-सात तासांत लागतं, डिसेंबरातल्या थंडीत रात्रभर ऊबेत ठेवावं लागतं.

त्याचं ताक करताना आलं, मिरची, कोथिंबीर वाटून घालावी आणि वरून जिरं-हिंग-कढीपत्त्याची तेलाची फोडणी द्यावी. फोडणीने दाण्याचा वास पार मागे सरतो. काकडीच्या कोशिंबिरीत आपण दाण्याचं कूट घालतोच, त्यामुळे तिथे हे दही उपरं वाटत नाही. शिवाय एकादशीला चालतं. घरात उपास करणारी सासू किंवा आजी असेल तर ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण तिला वेगळं आणि तुम्हाला वेगळं असं करावं लागत नाही. पिळून उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात जातो.

सोयाचं दही जास्त घट्ट लागतं आणि प्रथिनं भरपूर देतं. गाईच्या दुधाच्या जवळ जाणारं वनस्पतीचं दूध म्हणजे सोयाचंच. पण त्याचा एक कडधान्यी वास असतो आणि घरातल्या जुन्या मंडळींच्या नाकाला तो लगेच कळतो. भिजवलेलं सोयाबीन थंड पाण्यात वाटण्याऐवजी उकळत्या पाण्यात वाटलं तर वास बराच कमी होतो. दूध गाळल्यावर दहा-पंधरा मिनिटं नीट उकळणं मात्र सक्तीचं आहे, कच्चं सोया पचनाला बाधतं. उपासाला ते चालणार नाही. वाढत्या वयाची मुलं किंवा व्यायाम करणारं कुणी घरात असेल तर सोया करा. चार पिढ्यांची पंगत असेल तर शेंगदाणा.

कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे पाहुण्यांना आधी विचारायलाच हवं. अशा घरात शेंगदाण्याचं सगळं बाद आणि सोलकढी पुढे.

सोलकढीचं वैशिष्ट्य असं की ती कशाच्याच ऐवजी नाही. पाहुण्याला "हे दुधाविना केलंय" असं सांगावं लागत नाही, तो पेला रिकामा करून पुन्हा पुढे करतो. मध्यम नारळ खवून कोमट पाण्यात वाटायचा, जाड दूध काढायचं, चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ दूध काढायचं. आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी पाण्यात कोळून ठेवायची. लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर. आमसुलाचं पाणी घातल्यावर ती गॅसवर ठेवायची नाही, ठेवली की फुटते. चातुर्मासात लसूण वर्ज्य असेल तर जिरं आणि थोडं आलं घालावं, चव वेगळी पण छान लागते. आळस आलाच तर तयार नारळाचं दूध आणा, पण पावडर घेताना पाकीट उलटून वाचा. नारळाच्या दुधाच्या पुष्कळ पावडरींत सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातूनच काढलेलं असतं.

गोडाचं म्हणाल तर त्यात अडचण कमी आहे. आमरस मुळात दुधाविनाच होतो, पुऱ्या तेलात तळल्या की मे महिन्यातला रविवार साजरा. पुरणपोळीवर तुपाऐवजी कोकणातल्यासारखं गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध घ्या, आणि कटाची आमटी तर असतेच. शिरवाळे (नारळाच्या गोड दुधातल्या तांदळाच्या शेवया) जमत असतील तर त्यांच्यासारखा पाहुणचार नाही. मस्तानीची हौस घरी भागते: भिजवलेले काजू पाण्यात गंधासारखे वाटायचे (गाळायची गरज नसते), त्यात गोठवलेला हापूसचा गर घालून फिरवायचं. ती दुकानातल्या मस्तानीसारखी लागत नाही, पण मुलं तक्रार करत नाहीत.

प्रवासाला: कोकम, पन्हं, सातू

इथे निकष बदलतो. चव दुसरी, टिकणं पहिलं. घरी जिंकलेली दोन्ही पेयं प्रवासात अडखळतात. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरून मुंबईला जायचं असेल तर फ्रीजमधली सोलकढी थर्मासात घालून नेता येते, तीन-सव्वातीन तास ती नीट राहते. पण मे महिन्यात ताम्हिणीमार्गे कोकणात उतरताना किंवा रात्रभराच्या गाडीत ती नेऊ नये. नारळाचं दूध उष्णतेत लवकर आंबतं, आणि प्रवासात पोट बिघडणं परवडत नाही. शेंगदाण्याचं ताकही तसंच, दुपारपर्यंत ठीक, पुढे जास्त आंबट.

कोकमाचा आगळ मात्र प्रवासासाठीच केल्यासारखा आहे. मिठातला घट्ट रस, त्यामुळे बाहेर टिकतो आणि छोटी बाटली पुरते. पेल्याला एक-दोन चमचे आगळ, गुळाची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वर पाणी. गूळ-जिऱ्याची पूड घरूनच एका डबीत मिसळून न्यावी. दुकानात "कोकम" म्हणून दोन वस्तू मिळतात, साखरेचं सिरप आणि आगळ. सिरप मुलांना आवडतं पण ते सांडलं की सगळी बॅग चिकट होते. आगळात साखर नसते, गोडी ज्याची त्याने ठरवायची. मधुमेही काका बरोबर असतील तर आगळच.

एक काळजी घ्या. हल्ली बऱ्याच जणांकडे तांब्याची बाटली असते. तीत कोकम, पन्हं, लिंबू सरबत असलं आंबट काहीही भरू नका. आंबटपणाने तांबं पाण्यात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. काच किंवा चांगलं स्टील.

पन्हं चवीला कोकमाच्या पुढे आहे, असं मला वाटतं. चैत्रात हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं घेताना त्यात दूध नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कैऱ्या उकडून गर काढायचा, वाटीभर गराला दीड वाटी गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. हा गर फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो, प्रवासाला निघताना छोट्या बरणीत घालून न्यायचा आणि पाणी आयत्या वेळी घालायचं. पण तो आगळाइतका बाहेर राहत नाही. एका दिवसाची सहल असेल तर पन्हं, मुक्काम असेल तर कोकम. आणि कैरीचा हंगाम सरला की प्रश्नच मिटला, आगळ बाराही महिने मंडईत मिळतो.

तिसरं, तरुणांना फारसं आठवत नाही ते सातूचं, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. गुळाच्या पाण्यात कालवलं की पेय आणि नाश्ता दोन्ही. पहाटे गडावर निघताना पोटात काही हवं असेल तर याला तोड नाही. प्यायला देखणं नाही, म्हणून पाहुण्यांपुढे मी ते ठेवत नाही.

चहा

इथेच बहुतेकांचा निश्चय डळमळतो, कारण अमृततुल्यासमोर उभं राहून "मला नको" म्हणणं पुण्यात सोपं नाही. घरी सोयाचं बिनसाखरेचं दूध घ्या. चहा, आलं, साखर पाण्यात पूर्ण उकळू द्या, गॅस बंद करा आणि मग वेगळं गरम केलेलं सोयाचं दूध घाला. गार दूध उकळत्या चहात ओतलं तर फुटण्याची भीती असते. घरी केलेलं ओट्सचं दूध उकळलं की पेजेसारखं दाटतं. ते थंड कॉफीला ठेवा. नारळाचं दूध चहाची चव झाकून टाकतं.

बाहेर मात्र गवती चहा घातलेला, वरून लिंबू पिळलेला कोरा चहा मागावा. बरोबरच्यांचा चहा आणि तुमचा चहा एकाच टपरीवर होतो, थांबा एकच राहतो. सकाळच्या वेळी नीरा केंद्र दिसलं तर तिथे थांबावं. नीरा ऊन चढण्याआधीच प्यायची असते. उसाचा रस, शहाळं हे तर सगळ्या रस्त्यांवर आहेतच.

डब्यात काय

दशमी मूळची प्रवासाची, पण कणीक दुधात भिजवतात. तीच गुळाच्या पाण्यात, मोहन तेलाचं घालून केली तर दोन दिवस मऊ राहते. भाजणीचं थालीपीठ चवीला सरस, मात्र ते त्याच दिवशी संपवावं. लोण्याऐवजी तेलात कालवलेली शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी. धपाट्यांत बरेच जण दही घालतात, ते वगळून चालतं. आणि मुक्कामाच्या प्रवासाला माझी पहिली पसंती गुळाच्या पोळीला. बेसन तेलात खमंग भाजलं की तुपाची गरज उरत नाही, आणि ती आठ दिवस बाहेर राहते.

डबा न्यायचा नसेल तरी पुण्याच्या आसपास उपाशी राहायची वेळ येत नाही. सिंहगडावर पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदाभजी आहे. मडक्यातलं दही फक्त बाजूला ठेवायचं आणि भाकरीवर लोणी किंवा तूप नको हे मागवतानाच सांगायचं. मिसळ बहुतेक ठिकाणी चालते: वरून दही नको, पाव लोण्यात भाजू नका, एवढं बोलायचं. साबुदाण्याच्या खिचडीत तूप असतंच असं धरून चाला. थाळी असेल तर वरणावरचं तूप वाढप्याला हात आडवा करून थांबवता येतं, पण आमटीची फोडणी तुपाची आहे का हे विचारावंच लागतं.

पाकिटबंद खाऊ घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा आहे आणि त्यात दूध बसतं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि इंग्रजी व्ही अक्षराचं हिरवं चिन्ह दिलं. ते नसेल तर घटकांत दूध पावडर, व्हे आणि केसिन (दोन्ही दुधातूनच येतात), तूप शोधा.

वर सांगितलेल्या एकाही घरगुती पेयात बी-12 मिळत नाही. दूध-दही पूर्ण बंद करणार असाल तर डॉक्टरांना विचारून त्याची गोळी सुरू करा, हे जेवणाच्या बेताइतकंच आधी ठरवायचं. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी रोजच्या खाण्यात आणा. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि शेंगदाण्याच्या ताकातली आंबील सकाळी करून ठेवली तर घरातले सगळेच पितात.