चाळिशीनंतर हेअरड्रेसिंग शिकताना: कात्री, डमी, स्टँड आणि चष्मा, काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

कोर्सबरोबर मिळणारी किटची बॅग भरगच्च असते, पण रोजच्या सरावात हाताला लागतात त्या पाच-सहाच वस्तू. उशिरा हा व्यवसाय शिकायला घेतलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती हाताच्या मापाच्या कात्रीची, डमी (म्हणजे सरावासाठीचं केसांचं कृत्रिम डोकं) बसवायच्या, उंची बदलता येणाऱ्या स्टँडची आणि कामाच्या अंतराच्या चष्म्याची. नेमक्या याच तीन गोष्टींचा किटमध्ये विचार नसतो. विशीतलं शरीर गैरसोयीच्या अवजाराशी जुळवून घेतं. पंचेचाळिशीतला अंगठा, मान आणि डोळे दोन आठवड्यांत तक्रार करू लागतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्याला हे जमत नाही. बहुतेक वेळा दोष अवजाराच्या मापाचा असतो.

कात्रीपासून सुरुवात करू. किटमधली कात्री सहसा दोन्ही कडी समोरासमोर असलेली, जुन्या घडणीची असते. तिच्यात अंगठा पार मधल्या बोटांखाली न्यावा लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू होतं. ऑफसेट कात्रीत अंगठ्याचं कडं आखूड असतं, म्हणून हात नैसर्गिक ठेवणीत राहतो. बॉब, लेयर, स्टेप कटसाठी ५ ते ५.५ इंची कात्री पुरते. कंगव्यावरून कापायचं काम जास्त असेल तर ६ ते ७ इंची घ्या. माप बघायची सोपी रीत अशी: कात्री तळव्यावर आडवी ठेवा, बोटाचं कडं अंगठ्याच्या मुळाशी, टोक मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर. टोक बोटाच्या पुढे गेलं तर ती तुमच्यासाठी लांब आहे.

पकडीत अनामिका एका कड्यात आणि अंगठा दुसऱ्या कड्यात फक्त नखाच्या मुळापर्यंत. अंगठा आत खोल घातला की दोन्ही पाती हलतात आणि रेषा दातेरी येते. हलायला हवं ते फक्त अंगठ्याकडचं पातं, दुसरं जागेवर स्थिर. केसांना हात लावण्याआधी आठवडाभर ही एवढीच हालचाल रिकाम्या हवेत करावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

स्क्रूचा ताण रोज तपासा. एक कडं धरून कात्री अधिक चिन्हासारखी उघडायची आणि दुसरं कडं सोडायचं. पातं साधारण एक तृतीयांश उघडं राहून थांबलं तर ताण बरोबर. पूर्ण मिटलं तर कात्री ढिली आहे: केस कापले न जाता पात्यांमध्ये दुमडतात आणि टोकं चावल्यासारखी दिसतात. बरेच जण यालाच धार गेली समजून कात्री धारेला देतात. अजिबात मिटलं नाही तर स्क्रू फार घट्ट आहे, पाती एकमेकांवर घासून खरोखरच धार जाते. दिवसाच्या शेवटी केस पुसून काढायचे, पाती कोरडी करायची, सांध्यात तेलाचा एक थेंब. कागद, फॉइल, पाकीट यांतलं काहीही या कात्रीने कापायचं नाही. पोलादात ४४० सी ही प्रत शिकणाऱ्यासाठी पुरेशी आहे. त्याहून महाग पोलादाचा फायदा हात बसल्यावरच कळतो.

थिनिंगची, म्हणजे केस विरळ करायची दातेरी कात्री पहिले काही महिने बॅगेतच राहिली तरी बिघडत नाही. रेषा चुकली की ती हातात घ्यायचा मोह होतो, आणि मूळ चूक कुठे झाली ते कधी दिसतच नाही.

आता डमी. खऱ्या केसांचीच घ्या. कृत्रिम केस साध्या ड्रायरला कसेबसे टिकतात, प्रेसिंग मशीन लावलं की वितळतात. एका डमीतून चार कट निघतात, फक्त क्रम लांबीकडून आखूडकडे हवा: आधी ० अंशावर (अंश म्हणजे केस डोक्यापासून किती उचलून धरायचे तो कोन) एकसारखी लांबी, मग ४५ अंशांवर ग्रॅज्युएशन, म्हणजे खालून वर थोडीथोडी वाढत जाणारी लांबी, मग ९० अंशांवर लेयर, शेवटी आखूड कट. दर वेळी कपाळापासून मानेपर्यंत आणि कानापासून कानापर्यंत भांग पाडून चार भाग करायचे, आणि प्रत्येक भागातून साधारण १ सेंटिमीटर जाडीची पट्टी घ्यायची. पट्टी जाड झाली की खालची गाईडलाईन, म्हणजे आधी कापलेली, मापाला धरायची रेषा दिसेनाशी होते आणि पुढचं सगळं अंदाजाने चालतं. कट संपला की पट्ट्या उलट्या दिशेने काढून पडताळा. आडव्या पट्ट्यांनी कापलं असेल तर उभ्या.

डमी जे शिकवू शकत नाही तेही माहीत असावं. तिच्या डोक्यावर भोवरा नसतो, मानेवरचे केस वरच्या दिशेने उगवत नाहीत, आणि केस बहुधा माणसापेक्षा दाट असतात. कानाचं तर फारच फसवं. माणसाच्या कानावरून केस ताणून धरले की कान दाबला जातो, कापून सोडलं की तो मोकळा होतो आणि नेमक्या तिथे रेषा वर चढलेली दिसते. कानावरचे केस बोटांत न धरता, कंगव्याने नुसते पडू देऊन कापायचे. कुरळ्या केसांतही हाच धोका आहे, ते ओले असताना लांब दिसतात आणि सुकल्यावर वर जातात, म्हणून लांबी राखून कापा आणि कोरड्यावर नीट करा.

टेबलाला लावायचा क्लॅम्प स्वस्त पडतो, पण कंगवा ओढला की डमी फिरते आणि दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. उंचीही टेबलाने ठरवलेली असते. तिपाई स्टँडला पैसे घालावेत. कोपर खांद्याच्या खाली राहील इतकी उंची ठेवायची, आणि मानेवरचे केस कापताना कमरेत वाकण्याऐवजी डमी वर करायची. जमिनीवर जाड रबरी मॅट आणि पुढे रुंद असलेले बूट घेतले तर पाय संध्याकाळपर्यंत साथ देतात.

चष्म्याबद्दल वर्गात कोणी बोलत नाही. वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरसाठी असतो. कापताना बोटं डोळ्यांपासून त्याहून दूर असतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात असतो, त्यामुळे डोळ्यांच्या पातळीवरचं काम करताना हनुवटी वर करावी लागते. मानदुखी तिथून येते. शिवाय काचेच्या कडेने सरळ भांग वाकडा दिसतो. स्टँडसमोर उभं राहून डोळ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तेवढ्याच अंतरासाठी, पूर्ण काचेत एकच नंबर असलेला चष्मा करून घ्या. कुठल्याही नव्या कात्रीपेक्षा यानेच रेषेत जास्त फरक पडतो.

केस कापायचं मशीन बहुतेक किटमध्ये ठीकठाक असतं. गार्ड, म्हणजे केस किती लांब ठेवायचे ते ठरवणारा, पात्यावर बसवायचा कंगवा: १ नंबरचा ३ मिलिमीटर, २ नंबरचा ६, ४ नंबरचा १३, एवढं पाठ हवं. वापरापूर्वी पात्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाका, नाहीतर पातं तापतं आणि केस ओढतं.

रंगाच्या सरावासाठी डिजिटल वजनकाटा घ्या, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. पुडक्यावर १:१.५ लिहिलं असेल तर ४० ग्रॅम रंगाला ६० ग्रॅम डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण). डोळ्यांच्या अंदाजाने डेव्हलपर जास्त पडतो, मिश्रण पातळ होऊन गळतं आणि पांढरे केस नीट झाकले जात नाहीत. डेव्हलपरची तीव्रता दोन प्रकारे लिहितात: ६ टक्के म्हणजे २० व्हॉल्यूम, ९ टक्के म्हणजे ३०. बाटल्यांवर कधी एक आकडा असतो, कधी दुसरा. डमीचे केस आधीच रसायनातून गेलेले असल्याने रंग लवकर पितात, तेव्हा तिच्यावर लागलेला वेळ माणसासाठी धरू नका. माणसावर रंग लावण्याआधी ४८ तास पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडा रंग लावून अ‍ॅलर्जी येते का ते बघणं. हातमोजे नायट्राइलचे घ्या आणि शाम्पू करतानाही वापरा. दिवसभर पाण्यात असलेल्या हातांची त्वचा आधी बोटांच्या बेचक्यांत फाटते. तिथे खाज सुरू झाली की मोज्यांशिवाय एकही डोकं धुऊ नका.