1/72 फोकर ट्रायप्लेन: हाताने केलेले बारकावे आणि एक पावसाळा

डिसेंबरात या छोट्या प्लॅस्टिक विमानाचं किट उघडलं, मार्चअखेर मॉडेल पुरं झालं आणि आता ऑक्टोबर उजाडलाय. मधला अख्खा पावसाळा ते डोंबिवलीतल्या आमच्या घरात, काचेच्या कपाटात होतं. मार्चमध्येच लिहायला बसले असते तर फक्त कौतुक लिहिलं असतं. आता काय टिकलं आणि काय नाही, तेही सांगता येईल.

विमान पहिल्या महायुद्धातलं, जर्मनीचं फोकर डीआर-1. तीन पंखांचं, एका वैमानिकाचं. अशी 320 विमानं बनली आणि त्यातलं मूळ एकही आज शिल्लक नाही. उडताना दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती. खऱ्याच्या पंखांचा विस्तार 7.19 मीटर, म्हणजे 1/72 मापात (खऱ्याच्या 72 पट लहान) जवळपास नेमके 10 सेंटिमीटर. तळहातावर मावतं. तारांचं जाळं शिकायचं असेल तर सुरुवात याच विमानाने करावी असं माझं ठाम मत आहे. याचे पंख आतल्या जाड लाकडी तुळईवर पेललेले असल्यामुळे पंखांमध्ये ताणाच्या तारा जवळजवळ नाहीतच. वरच्या पंखाच्या मधल्या दांड्यांमध्ये फुली, चाकांच्या दांड्यांमध्ये फुली आणि शेपटीकडचे कंट्रोलचे दोर, एवढंच काम.

किटचं प्लॅस्टिक चांगलं, पंख जागेवर नीट बसतात. पण पंखांची मागची कड 0.6 मिमी जाड होती. 72 ने गुणलं की 4 सेंटिमीटरच्या वर जाते! खऱ्या विमानात तिथे नुसती तार असायची. पंखावरच्या कापडाला डोप (कापड ताठ करणारं लाखेसारखं द्रावण) लावला की ते आक्रसायचं आणि पंखाच्या आतल्या दोन फासळ्यांच्या मधली तार आत ओढली जायची. म्हणून ती कड नागमोडी दिसते. मी पंख खालच्या बाजूने 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून कड नखाइतकी पातळ केली, मग गोल कानशीने फासळ्यांमधली प्रत्येक खाच काढली. तीन पंखांना चार रविवार गेले. सगळ्या मॉडेलमध्ये कुठे वेळ घालवावा असं कोणी विचारलं तर मी इथेच म्हणेन. हातभर अंतरावरून दिसणारा हा एकमेव बदल आहे.

कॉकपिटचं उलट. पोलादी नळ्यांची चौकट ताणलेल्या स्प्रूने केली (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला लागून येतात ती काडी पणतीच्या ज्योतीवर मऊ करून ओढायची, केसासारखी तार निघते). वैमानिकाला बांधायचे पट्टे औषधाच्या गोळ्यांच्या फॉइलचे, 0.7 मिमी रुंद, म्हणजे खरे 5 सेंटिमीटर. हे करताना फार आनंद झाला, पण वरचा पंख बसल्यावर टॉर्च मारल्याशिवाय काही दिसत नाही. पुढच्या वेळी पट्टे करीन, चौकट सोडीन.

इंजिन नऊ सिलिंडरचं ओबरउर्सेल, रोटरी. यात क्रँकशाफ्ट (इंजिनाची मधली आस) स्थिर राहतो आणि पंख्याबरोबर अख्खं इंजिन गरगर फिरतं. किटमध्ये सिलिंडर होते, पण त्यांच्यापुढचे व्हॉल्व्ह हलवणारे दांडे नव्हते. या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्हना मिळून प्रत्येक सिलिंडरला एकच दांडा असतो, त्यामुळे नऊच लागले. जुन्या इअरफोनच्या वायरमधल्या तांब्याच्या तारेचे केले. आजही एकही हललेला नाही. मशीनगनच्या नळीची टोकंही जशीच्या तशी आहेत; ती 30 गेजच्या इन्सुलिनच्या सुईची आहेत. सुई कापताना चष्मा घाला, तुकडा कुठेही उडतो.

आता तारा. मुद्दाम तीन ठिकाणी तीन वस्तू वापरल्या होत्या. पंखाखालच्या फुलीला माझाच केस, चाकांच्या फुलीला तंगूस, शेपटीला जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकमधून सोडवलेला लायक्राचा धागा. मार्चमध्ये तिन्ही सुरेख ताठ होत्या. तंगूस तर उदबत्तीचं टोक जवळून फिरवल्यावर अशी ताणली गेली की बघत राहावं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केस सैल पडला. आधी वाटलं गोंद सुटला, पण टोकं घट्ट होती. मग डोक्यात प्रकाश पडला: केस दमट हवेत लांबतो. सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1783 मध्ये याच गुणावर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बनवलं होतं. कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी दोन-अडीच टक्क्यांनी वाढते, आणि 12 मिमीच्या तारेला तेवढी वाढ झोळ पडायला पुरते. तंगूस नायलॉनची, तीही पाणी शोषते. जुलैत तीही किंचित ओघळली. लायक्रा मात्र ताणूनच लावलेला असल्याने लांबीतला फरक स्वतःच खातो. सात महिने झाले, शेपटीचे दोर सरळ आहेत. रंग त्याच्यावर धड बसत नाही, एवढीच तक्रार.

पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली समोरची काच (गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक) ऑगस्टमध्ये सुटून खाली पडली. पुन्हा लावताना घाईत इन्स्टंट ग्लू वापरला आणि दमट हवेत त्याची वाफ पांढरी होऊन काचेवर बसली. नवी काच कापावी लागली.

याच काळात खऱ्या विमानाबद्दल वाचत होते. 1917 च्या ऑक्टोबरअखेर लागोपाठ दोन दिवसांत वरचा पंख हवेत मोडून गोंटरमान आणि पास्टोर हे दोन वैमानिक गेले, आणि ही विमानं जमिनीवर ठेवण्यात आली. चौकशीत पंखांची ढिसाळ जोडणी सापडली, आणि आत शिरलेला ओलावाही. फासळ्या आणि तुळई यांना पुरेसं व्हार्निश नव्हतं. फोकर कंपनीला पंख सुधारून, आतून व्हार्निश करून द्यावे लागले. माझ्या कपाटात नुसता केस सैल झाला. तिकडे त्याच दमटपणाने माणसं गेली. हे वाचल्यापासून या मॉडेलकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

गणपती झाल्यावर केस आणि तंगूस दोन्ही काढून लायक्रा लावला. भोकं आधीच पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) 0.3 मिमीची पाडलेली होती, त्यामुळे एका संध्याकाळीत झालं. कपाटात सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवल्या आहेत, दर पंधरा दिवसांनी त्या तव्यावर मंद आचेवर सुकवते. आता टेबलावर त्याच युद्धातलं ब्रिटिश विमान, सॉपविथ कॅमल आहे, दोन पंखी आणि ताराच तारा. तिच्यासाठी मोज्याची दुसरी जोडी उसवून ठेवली आहे.