औसा रोडचं पाळणाघर : महिना ४५०० आणि माझ्या सासूबाईंचा हिशोब

लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत एका ताईंनी घरातच पाळणाघर काढलंय, आमचं दीड वर्षाचं लेकरू उन्हाळ्यापासून तिथंच जायलंय. आधी सासूबाई सांभाळायच्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून शोधावं लागलं.

फी महिना ४५००, सकाळी दहा ते सहा. सहानंतर तासाला ५० रुपये. रविवारी बंद, ताप असला की घेत नाहीत, ते बरोबरच आहे. जागा स्वच्छ, कूलर आहे, लाईट गेली की इन्व्हर्टर. आणि मावशी लई मायाळू, लेकरू रडलं तरी मोबाईल हातात देत नाहीत, कडेवर घेऊन अंगणात फिरवतात, घास भरवताना घाई नाही.

पण फीचा कागद बघून मी सासूबाईंचा हिशोब मांडला. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत, रविवारी पण, तापात तर जास्तच, मी घरी आले तरी मी स्वयंपाकात आन लेकरू त्यांच्याच कडेवर. याच पाळणाघराच्या रेटनं, जादा तासांचे ५० धरून, महिन्याला १५ हजाराच्या वर जातं! जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या हिशोबात, यातला एक रुपया येत नाही, तेच काम मावशींनी पगारावर केलं की येतं. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत (लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी) पण, घरच्यांना सांभाळणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायकांचे दिवसाला १४० मिनिटं जातात, पुरुषांचे ७४.

आता हा १५ हजाराचा आकडा पण मला कमीच वाटतो, कारण मावशींना पगार ६००० आहे, म्हणून तर आपली फी एवढी कमी. बाहेर हे काम स्वस्त म्हणून घरातलं पण स्वस्त निघतं. दुसरी पद्धत म्हणजे लेकरासाठी जी कमाई सोडली ती मोजायची. माझ्या नणंदेनं नर्सिंगची नोकरी सोडली, तिचा १८ हजाराचा आकडा निघतो, पण सासूबाई कधी नोकरीलाच नव्हत्या, मग त्यांचं शून्य? हे मला अजिबात पटत नाही.

कमी एकच, दोन मावशी आणि बारा लेकरं, एक रजेवर गेली की दुसरीचे हाल. मी ताईंना म्हणलं फी पाचशेनं वाढवा पण तिसरी मावशी ठेवा, त्या बाकीच्या पालकांना विचारायल्यात. ५ पैकी ४ स्टार. ॲडमिशनआधी तासभर लेकरासोबत बसू देतात, तेवढं नक्की करा.